टिपणांची पानं होताना: ऑर्ग मोडच्या एका प्रकरणाबद्दल

मागच्या भागात म्हणालो होतो की साध्या टेक्स्टमध्ये टिपणं ठेवण्याबद्दल एकदा सविस्तर बोलू. त्यातलाच एक धागा आज घेतोय, आणि धागा तसा बारीक आहे. ईमॅक्समधल्या ऑर्ग मोडचं मॅन्युअल आहे, त्यात ‘पब्लिशिंग’ नावाचं एक प्रकरण आहे, आणि आज मी फक्त त्या प्रकरणाबद्दल बोलणार आहे. रूममेट म्हणाला, मॅन्युअलच्या एका चॅप्टरवर अख्खा एपिसोड? कोण ऐकणार? बघू, तुम्ही तर ऐकताय.

ज्यांनी ऑर्ग वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कार्स्टन डोमिनिक हा ॲम्स्टरडॅम विद्यापीठातला खगोलशास्त्रज्ञ. त्याने २००३ मध्ये स्वतःची टिपणं आणि कामं लावायला हे सुरू केलं. ईमॅक्सच्या २२व्या आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून, ते ईमॅक्ससोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. फाइल साधी टेक्स्ट. ओळीच्या सुरुवातीला एक स्टार दिला की मथळा, दोन दिले की उपमथळा. ती फाइल नोटपॅडमध्येही उघडते आणि अजून वीस वर्षांनीही उघडेल. आम्हा लोकांना याचं फार कौतुक असतं, ते आज बाजूला ठेवतो.

आता टिपणं आहेत, ती इतरांना दाखवायची आहेत. एकच फाइल असेल तर एक्स्पोर्ट. कंट्रोल-सी, कंट्रोल-ई, मग एच एच, झालं एचटीएमएल. पण पन्नास फाइली आहेत, त्या एकमेकींना लिंकने जोडलेल्या आहेत, मध्ये चित्रं आहेत, आणि या सगळ्याची मिळून एक साइट व्हायला हवी आहे, तेव्हा लागतं पब्लिशिंग. तुम्ही एक ‘प्रोजेक्ट’ लिहून ठेवता: फाइली कुठून घ्यायच्या, कुठे टाकायच्या आणि मधल्या मध्ये त्यांचं काय करायचं. बेस-डिरेक्टरी, पब्लिशिंग-डिरेक्टरी, पब्लिशिंग-फंक्शन. या तीन गोष्टी कळल्या की गाडी सुरू होते. एका टिपणातून दुसऱ्या ऑर्ग फाइलला दिलेली लिंक तयार पानात आपोआप एचटीएमएल पानाची लिंक होते. खरं तर हे फार सुंदर काम करून ठेवलंय लोकांनी.

मग अडतं कुठे? प्रकरणाची मांडणी सांगतो. आधी ‘कॉन्फिगरेशन’. त्याच्या पोटात प्रोजेक्टची व्याख्या, फाइली कुठून-कुठे, कोणत्या निवडायच्या, काय क्रिया करायची, मग पर्यायांची लांबलचक तक्ते, मग लिंक, साइटमॅप, सूची. त्यानंतर सर्व्हरवर चढवणं. त्यानंतर नमुना कॉन्फिगरेशन, एक साधं आणि एक मोठं. आणि सगळ्यात शेवटी, हे सगळं चालवायचं कसं, म्हणजे कोणती कळ दाबायची.

क्रम लक्षात आला? नव्या माणसाला सगळ्यात आधी जे हवं असतं, चालणारं एक उदाहरण आणि ते चालवायची कमांड, ते शेवटच्या दोन विभागांत आहे. हा क्रम कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यातला आहे. कोडमध्ये आधी डेटाची रचना येते, मग तिच्यावर चालणारी फंक्शनं, मग वापरकर्त्याची कमांड. मॅन्युअल त्याच वाटेने गेलंय. मला यात कुणाचा आळस दिसत नाही. ज्याने फीचर बनवलं त्यालाच ते लिहावं लागलं, आणि त्याला ते आतूनच दिसतं. मूळ पब्लिशिंगचा कोड डेव्हिड ओटूल यांचा. पुढे २०१३ मध्ये ऑर्ग ८.० आलं तेव्हा निकोला गोआझियू यांनी एक्स्पोर्टची सगळी यंत्रणाच नव्याने उभी केली, आणि पब्लिशिंग तिच्यावर बसवलं गेलं. प्रकरणावर अनेक हात फिरलेत. वाक्यं चुकीची नाहीत. एकेक वाक्य घेऊन तपासा, बरोबर निघेल.

माझ्या ओळखीच्या एक मॅडम आहेत, सोलापूर जिल्ह्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. एमएससीला असताना लाटेक शिकल्या, तिथून ईमॅक्सला आल्या, आणि गेली काही वर्षं अकरावी-बारावीची सगळी टिपणं मराठीत, ऑर्गमध्ये. आकृत्या स्वतः काढलेल्या. मुलांना व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवून पाठवून कंटाळल्या, म्हणून साइट करायची होती. मला म्हणाल्या, “तू फक्त बघत बस, सांगू नकोस. मला स्वतःला जमलं पाहिजे. दर वेळी तुला फोन नाही करणार मी.” म्हणून व्हिडिओ कॉलवर मी दीड तास गप्प बसलो. आयुष्यात इतका वेळ गप्प क्वचितच बसलोय. पण डॉक्युमेंटेशनबद्दल त्या दीड तासात जे कळलं ते कुठल्याही पुस्तकातून कळलं नसतं.

पहिला अडथळा आकृत्यांचा. पानं तयार झाली, मजकूर नीट, समीकरणं नीट, आकृत्यांच्या जागी तुटक्या चौकटी. कारण असं: प्रोजेक्ट मुळात फक्त ऑर्ग फाइली उचलतो. चित्रांसाठी दुसरा प्रोजेक्ट लिहायचा, त्यात कोणती एक्स्टेंशन्स घ्यायची ते सांगायचं, क्रिया म्हणून ऑर्ग-पब्लिश-अटॅचमेंट द्यायचं. ते फंक्शन काही रूपांतर करत नाही, फाइल उचलून तिकडे ठेवतं, बस. मग ‘कंपोनंट्स’ लिहून दोन्ही प्रोजेक्ट एका नावाखाली बांधायचे. आणि पोटातल्या फोल्डरांतल्या फाइली हव्या असतील तर ‘रिकर्सिव्ह’ वेगळं चालू करायचं, कारण ते मुळात बंद असतं.

हे सगळं मॅन्युअलमध्ये आहे बरं का. अटॅचमेंटचा उल्लेख क्रियांच्या विभागात. लिंकच्या विभागात एक वाक्य आहे की चित्रांच्या लिंकही चालतील, पण रिलेटिव्ह पाथ सांभाळा आणि त्या फाइलीही पाठवायची सोय करा. आणि प्रत्यक्ष कसं लिहायचं ते मोठ्या उदाहरणात. तीन तुकडे, तीन ठिकाणी. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्याला तिन्ही सापडतात. मॅडमना चाळीस मिनिटं लागली, आणि त्या चिकाटीच्या आहेत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. आकृत्या शोधता शोधता त्यांनी तयार झालेलं फोल्डर उघडलं, आणि एकदम म्हणाल्या, “अरे, हे गुण कसे आले इथे?” टिपणांच्या शेजारीच त्यांची एक फाइल होती, चाचणीचे गुण, कोण गैरहजर, कुणाच्या घरी काय अडचण आहे, कुणाशी बोलायचं आहे. त्याचंही व्यवस्थित वेब पान झालं होतं, वर मथळा, खाली लेखक म्हणून मॅडमचं नाव. सगळं त्यांच्याच लॅपटॉपवर होतं, कुठे चढवलेलं नव्हतं, म्हणून ठीक.

पण हे झालं कसं ते बघा. ऑर्गमध्ये टिपणांचं मूळ फोल्डर, कुणी काही बदललं नाही तर, होम फोल्डरमधलं ‘ऑर्ग’ हे असतं. आणि मॅन्युअलातल्या साध्या उदाहरणात बेस-डिरेक्टरी म्हणून जे फोल्डर दिलंय तेही होम फोल्डरमधलं ‘ऑर्ग’च. म्हणजे सरळमार्गी माणूस, सेटिंग न बदललेला, उदाहरण जसंच्या तसं चिकटवतो आणि त्याच्या वरच्या पातळीवरच्या सगळ्या टिपणांची पानं होतात. उदाहरणाला काहीतरी नाव द्यावंच लागतं, आणि ज्यांनी दिलं त्यांच्या डोक्यात असं काही येण्याचं कारणही नव्हतं. पण आपली टिपणं म्हणजे काय असतं हो? त्यात डायरी असते, डॉक्टरची तारीख असते, बँकेचा काहीतरी नंबर असतो, ऑफिसातल्या कुणावरचा राग असतो.

मोठ्या उदाहरणात ‘एक्स्क्लूड’ आहे, त्यात ‘प्रायव्हेटपेज’ नावाची एक फाइल वगळलीय. हा मार्ग मला पटत नाही. वगळायच्या गोष्टींची यादी करायची म्हणजे प्रत्येक नव्या खाजगी फाइलीची आठवण ठेवणं आलं, आणि जी आठवणार नाही तीच नेमकी बाहेर जाणार. त्यापेक्षा जाहीर टिपणांचं वेगळं फोल्डर, आणि बेस-डिरेक्टरी तेच. फोल्डर वेगळं करणं जमत नसेल तर उलटा मार्ग आहे: एक्स्क्लूडमध्ये सगळंच वगळायचं आणि ‘इन्क्लूड’मध्ये जेवढ्या फाइली द्यायच्या तेवढ्यांचीच नावं लिहायची. इन्क्लूडमधली नावं एक्स्क्लूडवर मात करतात. फाइलीतला एखादाच भाग लपवायचा असेल तर त्या मथळ्याला ‘नोएक्स्पोर्ट’ टॅग लावा. तो टॅग ऑर्गला मुळातच कळतो, काही सेटिंग लागत नाही.

अजून एक. चित्रांच्या प्रोजेक्टला एक्स्टेंशन म्हणून ‘एनी’ देता येतं, म्हणजे जे असेल ते सगळं. लोक देतात, कारण एकेक एक्स्टेंशन लिहायचा कंटाळा. ते जर टिपणांच्याच फोल्डरवर चालवलं तर मूळ ऑर्ग फाइलीही जशाच्या तशा कॉपी होतात. मग तुमचा नोएक्स्पोर्ट टॅग, तुमच्या कॉमेंट, सगळं त्या मूळ फाइलीत वाचायला खुलं. टॅग एक्स्पोर्टच्या वेळी बघितला जातो, कॉपी करताना कोण बघतंय?

आणि एकदा चढवलेलं पान, टिपण पुसलं म्हणून पुसलं जात नाही. तुम्ही मूळ फाइल काढून टाकली तरी तिचं एचटीएमएल तिकडे बसून असतं. ते हाताने काढायचं, नाहीतर सर्व्हरवर आरसिंकने पाठवताना डिलीटचा पर्याय द्यायचा, आणि त्यासाठी स्थानिक फोल्डर आधी रिकामं करून पुन्हा तयार करायचं.

हे चार परिच्छेद मी आत्ता बोललो ना, हे ‘काय बाहेर जातं’ अशा मथळ्याखाली प्रकरणाच्या सुरुवातीला, पहिल्या उदाहरणाच्या लगेच खाली असायला हवेत असं माझं मत आहे. पब्लिश या शब्दाचा अर्थच जाहीर करणं. मग काय जाहीर होणार ते आधी सांगायला नको?

मग मॅडमनी गुणांची फाइल हलवली, वेगळं फोल्डर केलं. पुढची अडचण आली ती गंमतशीर. पानाच्या वर त्यांना आडवी पट्टी हवी होती, मुखपृष्ठ, अकरावी, बारावी अशी. प्रोजेक्टमध्ये ‘एचटीएमएल-प्रिॲम्बल’ लिहिलं, पब्लिश केलं, काहीच बदल नाही. परत केलं. नाही. स्पेलिंग तपासलं, कंस मोजले. “मला वेड लागायचं बाकी आहे,” म्हणाल्या.

वेड लागायचं कारण नाही. ऑर्ग प्रत्येक फाइल शेवटी कधी पब्लिश केली त्याची नोंद होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरात ठेवतो. टिपण बदललं नसेल तर ते पुन्हा करत बसत नाही. शंभर फाइली असल्या की ही सोय मोलाची. पण पट्टी टिपणात नाही, सेटिंगमध्ये आहे. सेटिंग बदललं तरी टिपण जुनंच, म्हणून ऑर्ग त्याला हात लावत नाही. उपाय: कमांडच्या आधी कंट्रोल-यू दाबायचं, मग सगळं नव्याने होतं. हेही मॅन्युअलमध्ये आहे, पार शेवटच्या विभागात. पण माणूस तिथे पोचेपर्यंत त्याला वाटलेलं असतं की आपलं कॉन्फिगरेशन चुकलंय, आणि तो चांगलं चालणारं कॉन्फिगरेशन मोडून ठेवतो. मॅडमनी दोन कंस उडवले होतेच.

इंटरनेटवर शोधावं तर वेगळाच ताप. जुने लेख ‘ऑर्ग-पब्लिश-ऑर्ग-टू-एचटीएमएल’ लिहा म्हणतात. ऑर्ग ८.० पासून ते नाव बदलून ‘ऑर्ग-एचटीएमएल-पब्लिश-टू-एचटीएमएल’ झालं. जुनं लिहिलं की ईमॅक्स म्हणतो, असं फंक्शनच नाही. आता एखाद्या नवख्याला हे कसं कळावं की लेख जुना आहे? लेखावर तारीख असली तरी आवृत्ती लिहिलेली नसते. म्हणून डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती असते, अगदी ऑफिसातल्या विकीलासुद्धा, की वर एक ओळ टाका, हे कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिलंय.

आणि चालवून पाहा खरंच. ऑर्गसाठी हे सोपं आहे. उदाहरण एका फाइलीत ठेवा, ईमॅक्सला मोठा क्यू देऊन म्हणजे तुमची कुठलीही वैयक्तिक सेटिंग्ज न वाचता, बॅच मोडमध्ये चालवा, आणि अपेक्षित पानं तयार झाली का बघा. उदाहरण लिहिणाऱ्याच्या मशीनवर वर्षानुवर्षांच्या सेटिंग्जचा थर असतो, त्यामुळे त्याच्याकडे सगळंच चालतं. कोऱ्या ईमॅक्सवर चाललं तर वाचकाकडे चालायची आशा.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो फालतू नाही. म्हणतात, मॅन्युअल म्हणजे संदर्भग्रंथ. शब्दकोशात गोष्ट नसते म्हणून कुणी तक्रार करतं का? बरोबर आहे. मी ऑर्ग रोज वापरतो आणि मला ते तक्तेच लागतात, गोष्ट नको असते. डॅनिएले प्रोचिदा यांची डायाटॅक्सिस म्हणून एक मांडणी आहे, तिच्यात हेच आहे की शिकवणारं लिखाण, एखादं काम करून देणारं लिखाण, संदर्भ आणि स्पष्टीकरण ही चार वेगळी कामं, एकात एक कालवू नका. मला ती मांडणी आवडते, पण ती हाताशी धरून ‘आमचं मॅन्युअल संदर्भासाठी आहे’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मग बाकीची तीन कुठे आहेत? ऑर्गच्या बाबतीत काही प्रमाणात उत्तर आहे. वर्ग नावाची समुदायाची साइट आहे, तिथे पब्लिशिंगचं पायरी-पायरीने जाणारं ट्यूटोरियल आहे, आणि ती साइट स्वतःच ऑर्गच्या पब्लिशिंगने तयार होते. पण ईमॅक्सच्या आत मदत उघडून वाचणारा, इंटरनेट धड नसलेला माणूस तिथे जात नाही. त्याच्या हातात मॅन्युअलच असतं.

शिवाय एक गोष्ट त्यात कायम गृहीत आहे, वाचकाला लिस्प येतं. उदाहरणातली यादी कोट करून लिहिलेली असते, म्हणजे तिच्या आतलं काही मोजलं जात नाही, जसंच्या तसं घेतलं जातं. तिथे कुणी हुशारीने पाथ जोडणारं फंक्शन घातलं की ते चालतच नाही, फंक्शनचं नावच मजकूर म्हणून घेतलं जातं. कोटच्या जागी बॅककोट आणि त्या तुकड्याआधी स्वल्पविराम, एवढंच लागतं. दोन ओळींची टीप आहे. फिजिक्सच्या मॅडमना लिस्प का यावं?

आता, बोलणं सोपं. बदलायचं कसं? पहिली आनंदाची गोष्ट म्हणजे ऑर्गचं मॅन्युअल स्वतःच ऑर्ग फाइल आहे, रिपॉझिटरीत डॉक फोल्डरात. कोडला हात लावावा लागत नाही. फाइल उघडायची, बदलायचं, गिटने पॅच बनवायचा आणि ईमेलने पाठवायचा. मोठ्या बदलासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे कॉपीराइटची कागदपत्रं करावी लागतात, पण साधारण १५ ओळींपर्यंतच्या बदलाला ती लागत नाहीत, कमिटच्या मजकुरात ‘टायनीचेंज’ असं लिहायचं. वर्गवर लिहायचं असेल तर कागदपत्रं मुळीच नकोत.

म्हणजे १५ ओळींत काय बसतं, असा विचार करायचा. सगळं प्रकरण उलटंपालटं करणारा पॅच मी पाठवणार नाही. कुणी तरी फुकट वेळ देऊन ते तपासणार आहे, आणि त्या क्रमाची सवय असलेले जुने वाचकही आहेत. मी तीन छोटे तुकडे केलेत. एकात साध्या उदाहरणातलं फोल्डर बदलून ‘सार्वजनिक टिपणं’ अशा अर्थाचं नाव, आणि खाली दोन वाक्यं, की या फोल्डरातलं सगळं जाहीर होईल, म्हणून ते मूळ टिपणांपासून वेगळं ठेवा. दुसऱ्यात लिंकच्या विभागातून अटॅचमेंटकडे आणि मोठ्या उदाहरणाकडे जाणारे क्रॉस-रेफरन्स, म्हणजे ते तीन तुकडे एकमेकांना सापडतील. तिसऱ्यात, प्रकरणाच्या सुरुवातीलाच एक वाक्य: घाई असेल तर आधी नमुना कॉन्फिगरेशन वाचा, मग चालवण्याचा विभाग, आणि सेटिंग बदलून पान बदललं नाही तर कंट्रोल-यू. ते एक वाक्य लिहायला मला एक संध्याकाळ लागली.

मराठीतलं लिखाण वेगळं, आणि ते मॅडम करतायत. भाषांतर नव्हे. त्यांच्या कॉलेजातल्या दोन सहकाऱ्यांसाठी सहा पानांची पुस्तिका, फक्त या एका कामाची. त्यात देवनागरीच्या भानगडीही आल्यात, उदाहरणार्थ पीडीएफ हवी असेल तर नेहमीचं पीडीएफ-लाटेक देवनागरीला उपयोगाचं नाही, ऑर्ग-लाटेक-कंपायलरमध्ये झीलाटेक द्या आणि देवनागरी फाँट सांगा. आणि मथळ्याला स्वतःची ‘कस्टम-आयडी’ द्या, नाहीतर ऑर्ग दर एक्स्पोर्टला नवा यादृच्छिक आयडी देतं, आणि मुलांना पाठवलेली ‘प्रकरण तीन, प्रकाशाचं वक्रीभवन’ची लिंक पुढच्या वेळी पानाच्या भलत्याच जागी उघडते. पुस्तिकेचा मसुदा मी वाचला. पहिल्या पानावर त्यांनी काय लिहिलंय माहितीये? मोठ्या अक्षरांत, ‘गुणांची फाइल आधी बाहेर काढा.’

बास, एवढंच होतं. पुस्तिका पूर्ण झाली की मॅडमची परवानगी घेऊन इथे देईन, आणि पॅचचं काय झालं तेही सांगेन. भेटू.